घर रिकामं ठेवायचं नाही

बाई खिडकी बंद ठेवून माझ्याशी बोलायच्या. त्या आत, स्वयंपाकघराच्या ओट्याशी, आणि मी बाहेर अंगणात. काचेतून आवाज नीट येत नसे, म्हणून त्या ओरडून बोलत. मला ओरडून बोलायची सवय नाही, त्यामुळे मी बहुतेक वेळा नुसती मान हलवत असे.

तो २०२०चा एप्रिल होता. कोरोनामुळे सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना घराबाहेर पडायला बंदी होती आणि बाई सत्याऐंशीच्या होत्या. आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातल्या त्यांच्या घरामागे पूर्वी एक गॅरेज होतं. त्याची खोली करून ती त्यांनी भाड्याने दिली होती आणि तिथे मी राहत होते. मास्टर्स संपवून एका मेडिकल डिव्हाइस कंपनीत लागून मला थोडेच महिने झाले होते. आमचा कारखाना बंद झाला नाही. तिथे कॅथेटर, म्हणजे शरीरात घालायच्या बारीक नळ्या बनत आणि मी ते भिंगाखाली तपासत असे. म्हणजे रोज माणसांत जाऊन येणारी मी, आणि कुणालाही भेटायचं नाही असं सांगितलेल्या बाई. मध्ये ती एक काच.

त्यांना काय हाक मारायची हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि त्यांनीही पहिल्याच दिवशी मला तसं सांगितलं होतं. पण आजीच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारायला जीभ उचलेना. म्हणून मी हाकच मारत नसे. त्यांचं लक्ष जाईपर्यंत खिडकीसमोर उभी राहायचे. आईशी फोनवर बोलताना मी त्यांना ‘बाई’ म्हणायचे, इथेही तेच लिहिते.

“टीव्हीवर सारखं युद्ध युद्ध चाललंय,” एका संध्याकाळी त्या काचेतून ओरडल्या. “कसलं युद्ध? माझी सायकल अजून कुणी नेलेली नाही.”

मला वाटलं, त्या गंमत करताहेत. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग हळूहळू, रोज थोडं थोडं, मला कळत गेलं. बाईंचे वडील गॉलवेशेजारच्या मेयो जिल्ह्यातले. बटाटे काढायच्या हंगामात मजूर म्हणून ते जर्सीला गेले. जर्सी म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचं, पण इंग्लंडच्या राजाचं एक लहानसं बेट. तिथल्याच एका मुलीशी त्यांनी लग्न केलं आणि तिथेच राहिले. बाई सात वर्षांच्या असताना जर्मन सैन्याने ते बेट घेतलं. लढाई झालीच नाही. इंग्लंडने आपले शिपाई आधीच काढून नेले होते. लोकांनी खिडक्यांतून पांढऱ्या चादरी बाहेर टांगल्या, सैनिकांनी त्यांच्या सायकली नेल्या, आणि पुढची पाच वर्षं शत्रू घरात राहिला.

घरात म्हणजे खरोखरच घरात. त्यांच्या माडीवर दोन सैनिक राहायला आले. “दारात बूट पुसून आत यायचे,” बाई म्हणाल्या. “आईला गुड मॉर्निंग म्हणायचे. त्यांचे मोजे आमच्या चुलीवर वाळत घातलेले असायचे. आमच्या सूपला त्यांच्या मोज्यांचा वास यायचा.”

“मग तुम्ही काय करायचात?”

“काय करणार? सूप प्यायचो.”

पहिल्यांदा त्यांनीच मला खायला दिलं. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर एनॅमलच्या ताटलीत रुबार्बचा टार्ट ठेवला होता. रुबार्ब म्हणजे आंबट, लालसर दांड्या. इथे त्या साखरेत शिजवून खातात. मी तो खाल्ला, ताटली घासली आणि आईला फोन केला.

“रिकामी ताटली परत द्यायची नाही हं,” आई म्हणाली.

“अगं, इथे असलं काही नसतं.”

“तिथे नसेल. तू कुठली आहेस? काहीतरी घाल त्यात. चिमूटभर साखर घाल, पण रिकामी देऊ नकोस.”

मी शिरा केला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याच ताटलीत उकडलेले बटाटे होते, वर लोणी. मी बटाटे खाल्ले आणि पोहे केले. बाईंनी काचेला नाक लावलं.

“हे पिवळं काय आहे? रंग?”

“हळद.”

“मरणार तर नाही ना मी?”

“नाही.”

“मग ग्रँड.” इथे ‘ठीक आहे’ म्हणायचं तर ग्रँड म्हणतात.

पोह्यांच्या बदल्यात सोडा ब्रेड आला. ब्रेडच्या बदल्यात मी खिचडी दिली. हे असं चालू राहिलं. दुकानातून बाईंचं सामान आठवड्याला घरपोच येई, आणि त्यातलं काही ना काही माझ्याकडे पोचत असे. आईला फार आनंद झाला. “बघ, माणूस सगळीकडे सारखा,” ती म्हणायची. मलाही तसंच वाटत होतं. कुणाशी स्वतःहून बोलायला न लागता कुणाचं तरी होता येतं, हे मला सोयीचं होतं.

बाईंच्या मनात या देवाणघेवाणीचा अर्थ काही वेगळा होता, हे मला तेव्हा दिसायला हवं होतं असं नाही. त्यांनी सांगितलं मात्र होतं. बेटावर पैशाला किंमत उरली नव्हती. अंड्याला दोरा, लोण्याला साबण, सायकलच्या टायरऐवजी घालायला बागेतली पाण्याची नळी, असं चालायचं. मीठ नव्हतं म्हणून समुद्राचं पाणी आणून त्यात बटाटे उकडायचे. आणि कुणाचं काही घेतलं तर दिवस मावळायच्या आत परत करायचं.

“नाहीतर काय व्हायचं?” मी विचारलं.

“नाहीतर तू त्याची झालीस,” बाई म्हणाल्या. “माडीवरच्या एकाने एकदा मला जॅम लावलेली ब्रेडची फोड दिली. मी एक घास खाल्ला. बापाने मुस्काटात दिली. उरलेली फोड मला परत नेऊन द्यायला लावली, चावलेली तशीच. आणि खाल्लेल्या घासाचं म्हणून एक अंडं.”

“सैनिकाने घेतलं?”

“घेतलं. थँक यू म्हणाला. तो रडत होता असं मला वाटतं, पण मी वर बघितलंच नाही.”

स्वतःच्या आईबद्दल त्यांनी एकदाच सविस्तर सांगितलं. जूनमधली लख्ख संध्याकाळ होती आणि मी अंगणात कपडे वाळत घालत होते. त्यांनी खिडकी टकटक वाजवून मला बोलावलं आणि विचारलं, तू ज्या नळ्या तपासतेस त्या कशाच्या असतात. मी सांगितलं. इन्शुलिनच्या का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, नाही, हृदयाच्या. मग त्या म्हणाल्या, आईला मधुमेह होता. पूर्वी इन्शुलिन इंग्लंडहून बोटीने यायचं. बोटी बंद झाल्या. बेटावर होतं तेवढं पुरवून पुरवून वापरलं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात ते संपत आलं. तेव्हा सगळ्या मधुमेही माणसांना इस्पितळात घेऊन गेले. तिथे खाणं मोजून देता येईल, जास्त नीट काळजी घेता येईल, म्हणून. आईला न्यायला घोडागाडी आली होती. ती चालत जाऊन गाडीत बसली. शेजारीण म्हणाली, तिथे तुझं चांगलं होईल.

“कुणाचा राग नव्हता,” बाई म्हणाल्या. “डॉक्टर बिचारे चांगले होते. जर्मनांकडेही सगळ्यांना पुरेल एवढं नव्हतं. कुणाचीच चूक नव्हती. सगळे मेले.”

मी पिशवीतला एक चिमटा काढून हातात धरून ठेवला.

“काळजी घ्यायला घेऊन जातो असं कुणी म्हणालं,” बाई म्हणाल्या, “की मी दाराला कडी लावते.”

हे त्या कुणाला उद्देशून म्हणत होत्या ते मला जुलैत कळलं. जिल्ह्याबाहेर जायची परवानगी मिळाल्याबरोबर त्यांचा मुलगा देशाच्या पूर्वेकडच्या नावनहून आला. पन्नाशी ओलांडलेला, थकलेला माणूस. तोही आत गेला नाही. माझ्याच जागी, अंगणात, खिडकीसमोर उभा राहिला. माझी खोली तिथून चार पावलांवर, आणि दोघंही ओरडून बोलत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

“आई, तो वृद्धाश्रम माझ्या घराजवळच आहे. मी रोज येऊ शकेन.”

“येऊ देतात का आत?”

“आत्ता नाही देत. पण देतील.”

“मग मी काय करू तिथे? तुझी गाडी जाताना बघू?”

“इथे तू पडलीस तर?”

“पडले तर इथेच पडेन. या घरातून मी आडवीच बाहेर जाणार आहे, आणि तोपर्यंत मला नीट बसू दे. तुझा बाप मला या घरात घेऊन आला. इथे माडीवर कुणी राहत नाही.”

शेवटी मुलगा म्हणाला, ठीक आहे, हिवाळ्यापर्यंत बघू. पण एकदा जरी पडलीस तर मी काही ऐकणार नाही. बाई म्हणाल्या, मान्य. हे ठरलेलं मी ऐकलं, आणि निघताना त्याने माझ्या दारावर टकटक करून मला ते पुन्हा सांगितलं. तो दोन मीटर लांब उभा होता.

“लक्ष ठेवशील ना?”

“हो,” मी म्हणाले. त्याने मान डोलावली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि गेला.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, रस्त्यात गार्ड, म्हणजे इथले पोलीस, उभे. मी अंधारात कामावर जायचे आणि अंधार पडता पडता परत यायचे. बाईंच्या स्वयंपाकघरात दिवा दिसला की मी खिडकीशी उभी राहायचे. त्या बारीक झाल्या होत्या. कार्डिगनच्या बाह्या दोनदा दुमडायला लागल्या होत्या.

दिवाळीला मी रजा टाकली आणि दिवसभर फराळ केला. घरी मी कधी केला नव्हता. आईने फोन समोर उभा करून ठेवायला लावला आणि तिकडून सूचना दिल्या. “मंद ठेव गॅस. मंद म्हणजे मंद. बेसन भाजायला तासभर लागतो, तुला कुठे जायचंय?” लाडू, शंकरपाळी, चिवडा. भारतातून आणलेला माझा सगळ्यात मोठा स्टीलचा डबा गच्च भरला आणि बाईंच्या कट्ट्यावर ठेवला.

बाईंनी डबा आत घेतला, झाकण उघडलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“हे सगळं?”

“आमचा सण आहे. ख्रिसमससारखा.”

“आणि मला कुणी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. आवाज रागावल्यासारखा होता. मी हसून हात हलवला आणि खोलीत आले. मला त्या दिवशी फार छान वाटत होतं.

दोन दिवसांनी कामावरून परत आले तर स्वयंपाकघरात दिवा नव्हता. खिडकीला डोळे लावले. माझा डबा घासून ओट्यावर पालथा घातलेला दिसला. खुर्ची आडवी पडली होती आणि खुर्चीपलीकडे बाईंचे पाय.

मागच्या दाराची किल्ली कुंडीखाली असायची. आठ महिन्यांत मी पहिल्यांदा त्या घरात गेले.

त्या शुद्धीवर होत्या. चेहरा राखेसारखा. डावा पाय विचित्र वळला होता. वरच्या प्रेसचं दार उघडं होतं, प्रेस म्हणजे इथे कपाट, आणि सबंध फळी डब्यांनी भरलेली होती. साखर, चहा, टिनमधले मासे, दूध पावडर. वर्षानुवर्षांचा, हात न लावलेला साठा. पीचचा एक टिन जमिनीवर घरंगळत टेबलाखाली गेला होता.

“तू मासे खात नाहीस,” बाई म्हणाल्या. “म्हणून पीच. ते मागे होते.”

“कशाला चढलात पण?”

“तुझा डबा रिकामा देऊ? एवढा मोठा? घरात देण्याजोगं दुसरं काही नव्हतं. सामान उद्या येणार आहे.”

मी खाली बसले. त्यांच्या दृष्टीने तो डबा काय होता ते मला तेव्हा कळलं. मी आईचं ऐकून प्रत्येक भांडं भरून परत देत गेले, आणि त्या दर वेळी बेटावरच्या त्या नियमाने माझी फेड करत होत्या. सामान कमी येई तेव्हा स्वतःच्या ताटातलं काढून. दोघींपैकी कुणालाच थांबता येत नव्हतं.

“मला खुर्चीत बसव,” त्या म्हणाल्या. “जरा वेळाने बरं वाटेल. त्याला फोन करू नकोस.”

“पाय मोडलाय.”

“मोडू दे. खुर्चीत बसव.”

मी काखेत हात घालून उचलायला गेले. त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून मी सोडून दिलं. मग मी फोन काढला. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड अजून घट्ट होती.

“पोरी,” त्या म्हणाल्या, “मी तुला काय सांगितलं होतं?”

“सांगितलं होतं.”

“मग?”

एका हाताने मी नंबर लावला. पत्ता सांगितला, वय सांगितलं, श्वास चालू आहे असं सांगितलं. त्यांनी मनगट सोडलं नाही, पण ओढलंही नाही. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत आम्ही जमिनीवर बसून होतो. मी माझा कोट त्यांच्या अंगावर घातला. एकदाच त्या बोलल्या.

“आईने जाताना एप्रन काढलाच नव्हता. परत येऊन जेवण करायचं होतं तिला.”

गाऊन, मास्क, प्लास्टिकचे चष्मे घातलेली दोन माणसं आली. फार प्रेमाने वागली. एकाने बाईंना विचारलं, “काय मग, नाचत होतात की काय खुर्चीवर?” बाईंनी त्याच्याकडे बघितलंदेखील नाही. मला बरोबर जायची परवानगी नव्हती. स्ट्रेचर बाहेर नेताना त्या छताकडे बघत होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आणि डिसेंबरात मुलाने त्यांना नावनजवळच्या त्या वृद्धाश्रमात नेलं. “आता दुसरा मार्ग नाही,” तो मला फोनवर म्हणाला. “तू होतीस म्हणून कळलं तरी.” मी तेव्हाही ‘हो’च म्हणाले.

ख्रिसमसच्या आधी बाईंनी मला व्हिडिओ कॉल लावून घेतला. तिथल्या नर्सने टॅबलेट धरला होता. बाई उशीवर फार लहान दिसत होत्या. केस कुणीतरी नीट विंचरले होते, पण त्या विंचरायच्या तसे नाही.

“घरात कोण आहे?” हेच पहिलं.

“कुणी नाही. मी मागे आहे.”

“मागे नाही. घरात.” त्या श्वास घ्यायला थांबल्या. “बेटावरून जी माणसं बोटीने इंग्लंडला निघून गेली ना, त्यांची घरं आठवड्यात रिकामी झाली. लोकांना वाटतं, सैनिकांनी नेलं. सैनिक नंतर आले. आधी शेजारी गेले आत. आमच्या घरात त्यांची दोन ताटं होती. मी त्यात जेवलेय. घर रिकामं ठेवायचं नाही. तू पुढे राहायला जा. संध्याकाळी दिवा लाव. वसंतात मी येते.”

मुलाने मला आधीच मेसेज केला होता की त्या परत येणार नाहीत, पण त्यांना तसं सांगू नकोस. मी त्यांना म्हणाले, “लावते दिवा.”

“आणि त्या पीचचं काय झालं?”

“आहेत.”

“खाऊन टाक,” त्या म्हणाल्या. नर्सने टॅबलेट बाजूला केला.

मी पुढे राहायला गेले. आईला ते आवडलं नाही. “दुसऱ्याच्या घरात अशी एकटी काय राहतेस, भीती नाही वाटत?” भीती वाटायची. पाइप वाजायचे. मी ओट्याशी उभी राहून जेवायचे. बाईंच्या खुर्चीत बसावंसं वाटलं नाही. कामावरून आल्याआल्या दिवा लावायचे आणि झोपताना तो चालूच ठेवायचे. विजेचं बिल मुलगा भरत होता. तो काही बोलला नाही.

जानेवारीत रोज आकडे वाढत होते. कारखान्यात आमच्या ओळीतले निम्मे लोक गैरहजर. नावन पाच किलोमीटरच्या फार पलीकडे होतं. वृद्धाश्रमात आजार शिरला, तिथे लस पोचायच्या थोडे दिवस आधी. मुलगा त्यांच्या खिडकीबाहेर उभा राहायचा, असं त्याने मला सांगितलं. आतून कुणीतरी पलंग वळवून द्यायचं. शेवटच्या दिवशी बाईंनी त्याला ओळखलं की नाही, ते त्याला सांगता येईना.

“ती काहीतरी बोलत होती,” तो म्हणाला. “काचेतून ऐकू आलं नाही.”

दफनाला दहा माणसं चालत होती. दहा जणांत मी नव्हते, आणि मी विचारलंही नाही. पण त्या वर्षी इथे एक रीत पडली होती. चर्चमध्ये जाता येत नाही म्हणून माणसं रस्त्याच्या कडेला अंतर सोडून उभी राहायची, आणि शववाहिनी माणसाच्या घरावरून नेऊन तिथे मिनिटभर थांबवायची. बाईंना नवऱ्याशेजारी पुरायचं होतं, म्हणून त्यांना गॉलवेत आणणार होते. मुलाने आदल्या दिवशी फोन करून विचारलं, गाडी थांबेल तेव्हा पुढचं दार उघडून ठेवशील का. तिला आवडलं असतं.

पुढचं दार कुणी वापरत नसे. मी सकाळी कुलूप काढून बघितलं होतं, किल्ली फिरली. ते उघडूनही बघायला हवं, हे काही सुचलं नाही. बाहेर बारीक पाऊस पडत होता. रस्त्यावर शेजारी उभे राहिले. बरेचसे चेहरे मी पहिल्यांदाच बघत होते. काळी गाडी हळूहळू वळणावरून आली आणि फाटकासमोर थांबली. इंजिन बंद झालं. मी आतून दार ओढलं. ते हललं नाही. पावसाने फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. दोन्ही हातांनी ओढलं, पाय भिंतीला लावून ओढलं. बाहेर सगळे गप्प उभे होते आणि आतून माझी धडपड त्यांना ऐकू जात असणार.

मग बाहेरून मुलाचा आवाज आला, “बाजूला हो.” मी सरकले. त्याने खांदा लावला. दोनदा. तिसऱ्या वेळी दार उघडलं आणि तो जवळजवळ माझ्या अंगावर आला. दोन मीटरचं दोघांनाही भान राहिलं नाही. तो उंबऱ्यात उभा राहिला, गाडीकडे तोंड करून. मी त्याच्या मागे. आत दिवा चालू होता.

ड्रायव्हरने थोडं थांबून इंजिन सुरू केलं. मुलगा फाटकाबाहेर गेला, आपल्या गाडीत बसला आणि शववाहिनीच्या मागे निघाला. शेजारी पांगले. एका शेजारणीने मला लांबूनच हात केला. मी दार लावायला गेले, पण ते आता चौकटीत बसेना. खालून घासत होतं. खुर्ची टेकवून बघितली, तरी फट राहिलीच. त्या दिवशी मी कामावर गेले नाही. संध्याकाळपर्यंत दारापाशी बसून राहिले, आणि पाऊस आत येत होता तो पुसत राहिले.